सावरडो स्टार्टरवर फळांचा मसालेदार गोड ब्रेड

सावरडो म्हणजे पाकिटातील यीस्टऐवजी स्टार्टरवर, म्हणजे पीठ आणि पाणी आंबवून घरी केलेल्या विरजणावर, फुगवलेला ब्रेड. साध्या सावरडो ब्रेडमध्ये पीठ, पाणी आणि मीठ याखेरीज काही नसते, त्यामुळे स्टार्टरमधील यीस्टला त्यात विनाअडथळा काम करता येते. फळांच्या गोड ब्रेडचे तसे नाही. त्यातील साखर पाणी स्वतःकडे ओढून धरते, बटर ग्लुटेनचे, म्हणजे पिठाला ताण देणाऱ्या गव्हातील प्रथिनांचे, धागे सहजी जुळू देत नाही, दालचिनी आणि लवंग यीस्टचा जोर कमी करतात आणि सुकी फळे आपल्या वजनाने व कडांनी पिठाची जाळी फाडतात. पाकिटातील कोरड्या यीस्टमध्ये पेशींची संख्या इतकी मोठी असते की या सगळ्या अडचणी असूनही ब्रेड फुगतो. घरच्या स्टार्टरला मात्र तेवढी मुभा नसते. म्हणूनच या ब्रेडमध्ये घटकांच्या प्रमाणाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्व ते कोणत्या क्रमाने घालायचे याला आहे. आधी पिठाला बळ येऊ द्यावे आणि मगच त्यावर बटर, मसाला आणि फळे यांचा भार टाकावा. पुढील सर्व कृती याच क्रमावर बेतलेली आहे.

सुरुवात स्टार्टरपासून करावी लागते, कारण तो दुबळा असेल तर पुढची कोणतीही काळजी कामी येत नाही. समान वजनाचे पीठ आणि पाणी कालवून रोज थोडे काढून टाकत व नवे घालत गेले की साधारण एक ते दोन आठवड्यांत स्टार्टर तयार होतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो अचानक जोरात फुगतो, पण तो उत्साह यीस्टचा नसून पिठात आधीच असलेल्या इतर जिवाणूंचा असतो. आंबटपणा वाढला की ते मागे पडतात, काही दिवस सारे शांत होते आणि मग यीस्ट व लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू यांची जोडी स्थिरावते. असा नवा स्टार्टर साध्या ब्रेडला चालतो, परंतु गोड ब्रेडसाठी त्याला आणखी काही आठवडे नियमित खाऊ घालून, म्हणजे नवे पीठ-पाणी देऊन, मुरू द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. खाऊ घातल्यावर २६ अंश सेल्सियसच्या आसपास चार ते सहा तासांत जो स्टार्टर दुप्पट होतो आणि सलग काही दिवस तसाच होत राहतो, तोच या कामाला घ्यावा. फ्रिजमध्ये ठेवलेला असेल, तर किमान दोन वेळा बाहेर खाऊ घालून जागा केल्याशिवाय वापरू नये.

आदल्या रात्रीची तयारी

मूळ बरणीतील स्टार्टर थेट पिठात न घालता त्यापासून एक वेगळा, घट्ट आणि किंचित गोड स्टार्टर तयार करावा. त्यासाठी ३० ग्रॅम फुगलेला स्टार्टर, ६० ग्रॅम मैदा, ३५ ग्रॅम पाणी आणि १० ग्रॅम साखर एकत्र मळून गोळा करावा आणि उंच, सरळ कडांच्या भांड्यात झाकून ठेवावा. या १० ग्रॅम साखरेमागे कारण आहे. पिठाच्या वजनाच्या सुमारे ५ टक्क्यांहून अधिक साखर झाली की यीस्टच्या पेशीतील पाणी बाहेर ओढले जाऊ लागते आणि फुगण्याचा वेग मंदावतो. शिवाय यीस्ट साखरेच्या प्रत्येक रेणूचे तोडून दोन लहान रेणू करते, त्यामुळे हा ताण काही काळ आणखी वाढतो. या ताणाला तोंड देण्यासाठी यीस्ट आपल्या पेशीत ग्लिसरॉल साठवते, पण त्याला वेळ लागतो. ही सवय आदल्या रात्रीच लागली, तर सकाळी साखर असलेल्या पिठात गेल्यावर यीस्ट गांगरून थांबत नाही. दुसरा लाभ चवीचा आहे: साखर आणि घट्टपणा यांचा त्रास आम्ल तयार करणाऱ्या जिवाणूंना यीस्टपेक्षा अधिक होतो, त्यामुळे असा स्टार्टर कमी आंबट राहतो. इटलीतील पानेत्तोने हा उंच, फळांचा गोड ब्रेड परंपरेने घट्ट स्टार्टरवरच फुगवला जातो आणि तरीही तो आंबट लागत नाही, याचे एक कारण हेच आहे. साखर मूळ बरणीत मात्र घालू नये. ती केवळ या वेगळ्या गोळ्यासाठी असते.

हा गोळा २४ ते २६ अंशांवर आठ ते दहा तासांत अडीच पटीच्या जवळपास होतो. त्याची वेळ ओळखण्यासाठी घड्याळापेक्षा गोळ्याकडे पाहावे. वरचा भाग घुमटासारखा फुगीर असतो, त्यावर एक-दोन बारीक भेगा पडू लागतात, आणि बोटांनी उघडल्यास आत लांबट छिद्रांची, तंतूंनी ओढलेली जाळी दिसते. वास ताज्या दह्याचा आणि पिकलेल्या फळाचा असावा. घुमट मध्ये बसला असेल आणि वास नाकात झोंबत असेल, तर वेळ टळून गेलेली आहे. अशा गोळ्याने ब्रेड फुगेलही, पण दालचिनी आणि मनुकांच्या मागून शिरक्याची चव येत राहील. तेव्हा पुन्हा एकदा खाऊ घालून चार-पाच तास थांबणे हाच शहाणपणा.

फळेही याच रात्री भिजवावीत. एकूण २५० ग्रॅम सुकी फळे घ्यावीत: १२० ग्रॅम मनुका, ५० ग्रॅम काळे बेदाणे, ५० ग्रॅम जर्दाळूचे तुकडे आणि ३० ग्रॅम साखरेत पाकवलेली संत्र्याची साल, असा मेळ मला सर्वांत समतोल वाटतो. जर्दाळूऐवजी अंजीर किंवा क्रॅनबेरी चालते. खजूर मात्र मळताना विरघळून पीठ चिकट करतो, म्हणून घ्यायचाच तर थोडा आणि मोठे तुकडे करून घ्यावा. पाकवलेली साल भिजवू नये, ती सकाळी तशीच मिसळावी. सोनेरी मनुका आणि भडक नारिंगी जर्दाळू यांचा रंग टिकवण्यासाठी बहुधा गंधकाचा डायऑक्साइड वापरलेला असतो, जो सूक्ष्मजीवांना मारक आहे, आणि काही मनुकांवर तेलाचा पातळ थरही असतो. त्यामुळे सर्व फळे आधी कोमट पाण्यात धुऊन निथळावीत आणि मग ६० मिलिलिटर गरम पाणी, संत्र्याचा रस किंवा कोरा चहा त्यांवर ओतून झाकून ठेवावीत.

इतक्या कमी पाण्यात भिजवायचे कारण समजून घेण्यासारखे आहे. कोरडी मनुका पिठातील पाणी शोषून घेते, आणि भाजल्यावर तिच्याभोवतीचा ब्रेड कोरडा व चुरचुरीत राहतो. याउलट भरपूर पाण्यात बुडवलेली मनुका मळताना फुटून साखरेचे पाणी सोडते, आणि तिच्याभोवती कच्चा, चिकट पट्टा तयार होतो. सकाळी मनुका दाबली असता मऊ लागावी, तिच्या सुरकुत्या बऱ्याचशा सुटलेल्या असाव्यात, पण बोटाला रस लागू नये. वापरण्याआधी फळे चाळणीत अर्धा तास निथळावीत आणि कोरड्या कापडावर पसरून टिपून घ्यावीत. उरलेला रस फेकू नये. तो दुधाच्या एका भागाऐवजी वापरता येतो किंवा शेवटी ब्रेडवर लावायला कामी येतो.

ताज्या फळांविषयी एक सावधगिरी आवश्यक आहे. कच्चे अननस, पपई आणि किवी यांत प्रथिने तोडणारी विकरे असतात आणि ती ग्लुटेनचीच वाट लावतात. ही फळे पाकात शिजवलेली असतील, तरच घ्यावीत.

पीठ मळणे

दोन लहान ब्रेडसाठी, म्हणजे ८ बाय ४ इंचांच्या दोन टिनसाठी, पुढील प्रमाण आहे: ४०० ग्रॅम मैदा, ५० ग्रॅम गव्हाचे पीठ, २६० मिलिलिटर दूध, एक अंडे, ५० ग्रॅम साखर, ९ ग्रॅम मीठ, ६० ग्रॅम मऊ बिनमिठाचे बटर आणि रात्री केलेला सगळा घट्ट स्टार्टर. मैदा शक्यतो १२ टक्क्यांच्या आसपास प्रथिने असलेला घ्यावा. पाकिटावर हा आकडा बहुधा छापलेला असतो. त्याहून कमी प्रथिनांचा मैदा असेल, तर दूध २० मिलिलिटरने आणि फळे ५० ग्रॅमने कमी करावीत, कारण दुबळी जाळी एवढा भार पेलत नाही. अंडे नको असल्यास त्याऐवजी ४० मिलिलिटर दूध आणि १० ग्रॅम बटर वाढवावे. वजनकाटा मात्र हवाच. वाटीच्या मापाने मैदा दरवेळी वेगळा भरतो आणि मग कृतीतील कोणत्याच वेळेवर भरवसा ठेवता येत नाही.

दूध एकदा उकळून कोमट होईपर्यंत निववावे. न तापवलेल्या दुधातील काही प्रथिने ग्लुटेन सैल करतात, आणि उकळल्याने तो परिणाम नाहीसा होतो. कोमट दुधात घट्ट स्टार्टरचे तुकडे करून हाताने कुसकरावेत, त्यात अंडे फेटून घालावे, दोन्ही पिठे घालून कोरडे पीठ दिसेनासे होईपर्यंत कालवावे आणि झाकून अर्धा तास तसेच सोडावे. या अर्ध्या तासात साखर, मीठ आणि बटर यांपैकी काहीही नसल्यामुळे पिठाला पाणी मुबलक मिळते आणि ग्लुटेन न मळताच जुळू लागते.

त्यानंतर मीठ आणि निम्मी साखर घालून पाच मिनिटे मळावे, मग उरलेली साखर घालावी. साखर घालताच पीठ सैल आणि चिकट झाल्यासारखे वाटेल. घाबरून वरून मैदा घालू नये, मळत राहिले की ते पुन्हा आवळते. पीठ भांड्याच्या कडा सोडू लागले की बटर तीन-चार भागांत घालावे, आणि आधीचा भाग पूर्ण जिरल्याशिवाय पुढचा घालू नये. हाताने हे काम वीस मिनिटांचे आहे, यंत्राने दहा-बारा मिनिटांचे. शेवटी लिंबाएवढा तुकडा काढून बोटांनी हळूहळू ताणावा: तो न फाटता इतका पातळ व्हावा की पलीकडची बोटे धूसर दिसावीत. या चाचणीत पीठ फाटत असेल, तर दहा मिनिटे झाकून ठेवून पुन्हा मळावे. फळे घालण्याआधी ही पायरी साधलीच पाहिजे, कारण नंतर जोर लावून मळता येत नाही.

आता पीठ झाकून २६ अंशांच्या आसपास एक ते दीड तास ठेवावे. या अवधीत ते फारसे फुगलेले दिसणार नाही, पण त्याचा ताण सैलावतो आणि यीस्टला मसाल्यांविना कामाला लागायला वेळ मिळतो.

मसाला आणि फळे

दालचिनीचा सुगंध ज्या घटकामुळे येतो, तो सिनॅमाल्डिहाइड यीस्टला आवर घालतो. लवंगेतील युजेनॉलही तेच करते. म्हणून ताजी दळलेली दालचिनी ४ ग्रॅम, म्हणजे साधारण दीड चहाचा चमचा, यापेक्षा अधिक घेऊ नये, आणि लवंगेची पूड चिमूटभरच पुरे. त्यांच्या जोडीला अर्धा चमचा वेलदोड्याची पूड, अर्धा चमचा सुंठ आणि पाव चमचा किसलेले जायफळ घ्यावे. एका संत्र्याची किसलेली साल घातली तर मसाल्यांचा उग्रपणा मऊ होतो. मी ती कधीच वगळत नाही. हा सर्व मसाला पिठात न मिसळता एक मोठा चमचा मऊ बटरमध्ये कालवून ठेवावा. बटरने वेढलेला मसाला पिठात हळूहळू उतरतो, आणि कापल्यावर ब्रेडमध्ये त्याच्या फिकट रेषा दिसतात. ज्यांना सारखा तपकिरी रंग हवा असेल, त्यांनी मसाला पिठातच मिसळावा, पण मग फुगायला एखादा तास अधिक लागेल हे गृहीत धरावे.

ओट्याला तुपाचा किंवा तेलाचा हात लावून त्यावर पीठ काढावे आणि हलक्या हाताने दोन्ही बाजूंनी ओढत अर्ध्या सेंटिमीटरच्या जाडीचा मोठा आयत पसरवावा. त्यावर मसाल्याचे बटर बोटांनी लावावे, निथळलेली फळे, संत्र्याची पाकवलेली साल आणि ५० ग्रॅम भाजलेल्या अक्रोडाचे तुकडे सारखे पसरावेत, मग एक तृतीयांश भाग आत दुमडावा, समोरचा तृतीयांश त्यावर आणावा आणि उरलेल्या दोन बाजूंनीही तशीच घडी घालावी. अशा घडीने फळे न फुटता सगळीकडे पोचतात. गोळा पुन्हा भांड्यात ठेवून पाऊण तासाच्या अंतराने दोनदा, चारही बाजू ओढून मध्ये आणाव्यात. या दोन घड्यांत उरलीसुरली फळे आपोआप विखुरतात.

त्यानंतर गोळा हलवू नये. मळण्यापासून मोजता एकूण पाच ते सात तासांत तो दीड पटीहून थोडा अधिक व्हावा. दुप्पट होण्याची वाट पाहू नये, कारण आम्ल वाढत गेले की ग्लुटेन सैल पडते आणि फळांच्या वजनाने गोळा बसतो. खोली ३० अंशांहून गरम असेल तर ही चूक फार पटकन होते. अशा वेळी दूध थंडच वापरावे आणि गोळा दीड पट होताच पुढची पायरी गाठावी. थंडीत बंद ओव्हनमध्ये केवळ दिवा लावून किंवा शेजारी गरम पाण्याचे भांडे ठेवून ऊब देता येते.

आकार देणे, फुगवणे आणि भाजणे

गोळ्याचे दोन सारखे भाग करून दहा मिनिटे विसावू द्यावेत, मग प्रत्येक भाग चपटा करून घट्ट गुंडाळावा आणि शिवण खाली येईल असा बटर पेपर लावलेल्या टिनमध्ये ठेवावा. वर डोकावणाऱ्या मनुका काढून खालच्या बाजूने आत खोचाव्यात. ओव्हनच्या उष्णतेत त्या फुगून जळतात आणि कडू होतात.

टिनमधील पीठ २६ अंशांवर तीन ते पाच तास घेते. ओले बोट हलकेच दाबल्यावर खळगा सावकाश आणि अर्धवटच भरून आला, तर ब्रेड भाजायला तयार आहे. खळगा झटकन भरला तर अजून थांबावे, अजिबात भरला नाही तर ताबडतोब ओव्हनमध्ये घालावे. सोयीसाठी टिन झाकून रात्रभर, आठ ते बारा तास, फ्रिजमध्ये ठेवता येतात, आणि सकाळी दीड-दोन तास बाहेर ठेवून भाजता येतात. मला स्वतःला ही पद्धत अधिक आवडते. मसाले मुरतात आणि ब्रेड कापताना कमी चुरतो. चव थोडी आंबटाकडे झुकते खरी, पण फळांच्या गोडीपुढे ती खटकत नाही.

ओव्हन १८० अंशांवर पूर्ण तापवावा. पंखा असलेला ओव्हन असेल तर १६०. साध्या सावरडो ब्रेडसाठी लागणारे २३० अंश आणि वाफ येथे नकोत, कारण दूध आणि साखरेमुळे वरचा थर आतला भाग शिजण्याच्या कितीतरी आधी काळवंडतो. वरून दुधाचा किंवा फेटलेल्या अंड्याचा हात द्यावा आणि टिन खालच्या कप्प्यात ठेवावेत. वीस-पंचवीस मिनिटांनी रंग पाहून वर ॲल्युमिनियम फॉइल सैलसर झाकावी. एकूण ४० ते ४५ मिनिटे लागतात. ब्रेडच्या मध्यभागी खुपसलेला थर्मामीटर ९३ ते ९५ अंश दाखवू लागला की ब्रेड झाला. सुरी खुपसून पाहण्याचा येथे उपयोग नाही, कारण ती एखाद्या मनुकेतून गेली तर नेहमीच चिकट निघते. थर्मामीटर नसल्यास ब्रेड टिनमधून काढून बाजूंकडे पाहावे: त्या फिकट आणि दाबल्यावर लिबलिबीत असतील, तर टिनशिवाय आणखी पाच-सात मिनिटे भाजावे.

बाहेर काढल्याबरोबर फळांचा उरलेला रस थोड्या साखरेसह उकळून, किंवा कोमट मध, ब्रशने वर लावावा. गरम ब्रेडवर तो लगेच चमकतो आणि चिकटपणा राहत नाही. ब्रेड जाळीवर किमान दोन तास निवू द्यावा. गरम असताना आतला स्टार्च अजून बसलेला नसतो, त्यामुळे सुरी लावली की काप गच्च आणि ओलसर होतात आणि ब्रेड कच्चा राहिल्याचा भास होतो.

निवल्यावरही तळाशी ओला, गच्च पट्टा दिसला, तर दोन शक्यता आहेत. वर मोठी छिद्रे आणि खाली गच्चपणा असेल, तर पीठ पुरेसे फुगलेले नव्हते. केवळ फळांभोवती ओलावा असेल, तर ती नीट निथळलेली नव्हती. काप घेताना मसाल्याच्या रेषेवर ब्रेड सुटत असेल, तर बटर जास्त झाले किंवा घडी सैल पडली. पुढच्या खेपेला मसाल्याच्या बटरमध्ये एक चमचा मैदा कालवावा.

स्टार्टरमधील आम्ल आणि फळांचा ओलावा यांमुळे हा ब्रेड कापडात गुंडाळून डब्यात ठेवल्यास चार-पाच दिवस मऊ राहतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याची चव पहिल्यापेक्षा चांगली लागते. उष्ण, दमट हवेत बुरशी लवकर धरते, तेव्हा दोन दिवसांत संपेल एवढाच बाहेर ठेवावा. फ्रिजमध्ये मात्र ठेवू नये. त्या तापमानाला स्टार्च बाहेरपेक्षा अधिक वेगाने कडक होतो. अधिक दिवस टिकवायचा असल्यास काप करून, त्यांच्यामध्ये बटर पेपर घालून फ्रीझरमध्ये ठेवावेत आणि लागतील तसे थेट टोस्टरमध्ये घालावेत.